पुढे बसवलेलं लहान चाक

प्रेम नगर, झाशी
१४ डिसेंबर २०२५

ति. कल्याणीताईस,

सुजयचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. बाबांचा खोकला कमी झाला, रेल्वेच्या दवाखान्यातलं औषध लागू पडलं. थंडी फार आहे. आई रिटायर झालेल्या बाबांना अजूनही ड्यूटी असल्यासारखं पहाटे उठवते आणि मग दोघं उन्हाची वाट बघत बसतात.

तुमची जीप तयार आहे. उद्या भाऊजी घेऊन जातील. हे पत्र मी जॅकच्या पिशवीत ठेवतो आहे. तुझा फोन ते बघतात, पण जॅकला त्यांनी आजवर हात लावलेला नाही. फोनवर मी तुला जॅकला ग्रीस लावायला सांगेन. वाचते आहेस, म्हणजे तुला कळलं.

बुधवारी भाऊजी दुकानात आले ते दारातूनच ओरडत. "काय सालेसाहेब, कैसे टायर बांध दिए? गाडी डावीकडे खेचते. स्टीअरिंग धरून हात दुखले माझे!" आमचे मालक नीरजभैया त्यांना खुर्ची देत म्हणाले, "बैठिए जी, चाय पीजिए. सुजय देख लेगा."

मी वाकून पाहिलं. पुढच्या डाव्या बाजूला जुनं लहान चाक होतं, म्हणजे स्टेपनी. रिमच्या आतल्या बाजूला मी रंगाने खूण करून ठेवतो, हे तुला माहीत आहे. मागच्या डाव्या चाकावर खूण होती पुढच्या डाव्याची. आणि स्टेपनीच्या जागी टांगलं होतं मूळचं मागचं डावं चाक, पंक्चर झालेलं. बाभळीचा काटा अजून त्यात होता.

मी बराच वेळ खालीच बसून राहिलो. वर आलो असतो तर माझा चेहरा भाऊजींना दिसला असता.

भाऊबीजेला अंगणात मी तुला सांगितलं होतं. या जीपच्या मागच्या एक्सलमध्ये लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल आहे. साध्या गाडीत मागची दोन चाकं आपापल्या वेगाने फिरतात. यात आतल्या प्लेटी दोन्हींना धरून ठेवतात, म्हणजे चिखलात एकच चाक जागच्या जागी फिरत राहत नाही. पण मागे एक मोठं आणि एक लहान चाक लावलं, तर सरळ रस्त्यावरही प्लेटी एकमेकींवर घासत राहतात आणि तेल जळून काळं होतं. मोठी चाकं मी चारच आणली होती, स्टेपनी जुन्या मापाचीच राहिली. म्हणून लहान चाक मागे कधीच लावायचं नाही; पुढे अशा प्लेटी नाहीत, तिथे चालतं. मागचं पंक्चर झालं तर आधी पुढचं काढून तिथे स्टेपनी लावायची, आणि पुढचं मोठं चाक मागे न्यायचं.

तू हसली होतीस. "पंक्चर मागे आणि जॅक पुढे? डोकं फिरलंय तुझं, सुज्या." तरी माझ्यासमोर सगळं करून दाखवलंस. भाऊजी ओसरीवर चिवडा खात होते. म्हणाले, "ये सब मिस्त्री लोगों का काम है."

त्या दिवशी ओवाळताना तुझ्या भुवईवरची खूण मला दिसली होती. आई लगेच म्हणाली, "कपाटाचं दार लागलं असेल." तुला कोणी विचारलंच नव्हतं. मी निरांजनाकडे बघत राहिलो.

बुधवारी भाऊजींनी चहा ठेवला आणि स्वतः येऊन बघितलं. "हे छोटं चाक इथे कसं आलं? मी आठवडाभर कानपूरला होतो. गाडी अंगणात उभी होती. किसने चलाई?"

मी म्हणालो, "चूक माझी आहे, भाऊजी. दिवाळीत बसवतानाच लहान चाक पुढे राहिलं."

"तेव्हा तर ओढत नव्हती."

"टायर झिजले की जाणवतं."

मी प्रत्येक नट तीनदा तपासतो. दुकानात त्याची टिंगल होते. ही चूक माझ्या हातून होणार नाही, हे नीरजभैयांना माहीत होतं. भाऊजी मात्र खूश झाले. "बारहवीं फेल से और क्या उम्मीद!" बाकावर बसलेले ग्राहकही हसले. भाऊजी गेल्यावर नीरजभैया म्हणाले, "सबके सामने बोल चुका है तू. अब मशीन पर तेरा भरोसा कौन करेगा?" चाकांच्या अलाइनमेंटचं मशीन मी चालवायचो, ते आता दुसरा चालवतो. मी पंक्चर काढतो. यात तू वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी आईला विचारलं, "ताईचा फोन आला होता का?"

"आला होता ना, गेल्या आठवड्यात. येऊ का, म्हणत होती. मी म्हटलं, संक्रांतीला या, दोघं मिळून या. जावई गावाला गेलेले आणि ही एकटी आली तर शेजारपाजारचे काय म्हणतील? संसारात थोडं घासतंच."

"कुठून बोलत होती?"

"रस्त्यावर असेल. ट्रकांचा आवाज येत होता."

आईने तो आवाज ऐकला होता, ताई. ऐकून संक्रांत सांगितली. मी तिच्याशी भांडलो नाही. भांडायला हवं होतं. जळलेल्या तेलात प्लेटींचा चुरा कसा दिसतो, ते तिला दाखवायला हवं होतं. मी जेवायला बसलो. भाजीत मीठ कमी होतं, तेवढंच बोललो.

हायवेच्या कडेला एकटीने तू दोन चाकं बदललीस. बरोबर क्रमाने बदललीस. मग घरी फोन केलास आणि गाडी वळवलीस. माझी मोठी बहीण माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मला गाडीखाली वाकून कळावं!

पंक्चर काढलं आहे. चारही चाकं आपापल्या जागी बसवली आहेत. आणि खाली स्टेपनीच्या जागी आता त्याच मोठ्या मापाचं नवं चाक आहे. भाऊजींना सांगितलेलं नाही, ते वाकून बघणार नाहीत. आता पुढचं मागे करत बसू नकोस. जिथे पंक्चर होईल तिथे हे लाव आणि पुढे ये. आईला फोन करू नकोस. गच्चीवरची खोली मी झाडून ठेवली आहे, तिची किल्ली माझ्या खिशात आहे. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते मी सांगेन. खोटं बोलायला मला आता जमतं.

भाऊबीजेच्या चार चाकांची ओवाळणी तुझ्या ताटात पडली, मिरवली भाऊजींनी. हे पाचवं मात्र तुझं आहे.

संक्रांतीची वाट बघू नकोस.

तुझा भाऊ, कोणाचा साला नव्हे,
सुजय