वरची खूण

बाबा,

आज दुपारी डोळखांबची जीप गॅरेजात आली. पाड्यांवरची आजारी माणसं, अडलेल्या बाया शहापूरच्या दवाखान्यात आणते, ती. मालक म्हणाला, "ताई, टायमिंग बेल्ट नवीन टाकलाय, तरी चढणीला ओढत नाय. सकाळी चालू व्हायला पन रडते." कुठं टाकला विचारलं तर खाली बघत म्हणाला, "मुरबाडला. तुमच्या दादाकडं."

तुम्ही जाताना गॅरेज माझ्या नावानं ठेवलंत आणि दादानं आपले पाने घेऊन मुरबाडला वेगळं गॅरेज टाकलं. तेव्हापासून आम्ही लग्नकार्यात भेटतो, जेवलीस का, जेवलास का, एवढंच. भांडण म्हणावं तर झालंही नाही कधी. बेल्टचं काम आलं की मला मात्र तो जुना दिवस दिसतो. दादा नुकताच कामाला लागलाय, मी शाळेतून येऊन टायरवर बसलेय. बेल्ट बसवून झाल्या झाल्या तो चावीला हात घालतो आणि तुम्ही ओरडता, "थांब! आधी हातानं फिरव. हाताला अडलं तर थांबता येतं. चावीनं अडलं तर व्हॉल्व्ह वाकले म्हणून समज." दादाचे कान लाल होतात. मग तो इंजिन इतकं सावकाश फिरवतो की तुम्हीच हसता. पुढं त्याच्या हातचा बेल्ट तुम्ही कधी तपासला नाहीत.

मी आज तपासला. वरचं कव्हर काढलं, खालच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन दोन फेरे फिरवलं. दोन्ही पुल्यांच्या खुणा एकदम जागेवर यायला हव्यात; खालची आली, वरची आली नाही. बेल्ट एक दात चुकलेला. परत फिरवलं, तेच. आणखी सरकला असता तर एखादी बाई कळा देत असताना जीप घाटात बंद पडली असती.  मला स्वतःला तो नीट बसवता आला असता, पण मी दादाला फोन लावला.

"दादा, डोळखांबच्या जीपचा बेल्ट एक दात चुकलाय."

तिकडं पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "येतो."

आला तो एसटीनं. मोटरसायकल कुठंय म्हटलं तर सरळ जीपकडं गेला. जीपवर वाकला, बोटांनी पुली चाचपत राहिला. "बत्ती जवळ धर गो," म्हणाला. बत्ती जवळच होती.

"दादा?"

"खूण दिसत नाय मला," तो हळूच म्हणाला. "साखर डोल्यात उतरलीय. अंदाजानं बसवतो. तुझ्या वहिनीला ठाव नाय."

 मी म्हटलं, "तू बसव, मी सांगते." त्यानं बेल्ट सैल केला, मी वरच्या खुणेवर डोळा ठेवला. मागं घे, अजून जरासं, बस. त्याचे हात तसेच आहेत, बाबा, एकदा सांगितलं की पुरतं. मग त्यानं हातानं इंजिन फिरवलं आणि दोन्ही खुणा जागेवर आल्या. मालकाला त्यानं स्वतःच सांगितलं, "माझ्याकडून चुकला होता. पुढच्या टायमाला इकडंच आण." जीप एका चावीत चालू झाली.

चहा पिताना मी म्हटलं, बेल्टच्या गाड्या इथं आण, दोघं मिळून करू. आणि आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ, मी येते. तो "बघू" म्हणाला, पण मान हलवली. म्हणजे आता दोन गॅरेजची कामं माझ्या डोळ्यांवर. पाठ दुखतेय, हात धुवायचेत, आणि मी बसलेय तुम्हाला लिहीत.

हे कुठं पाठवायचं नाहीये म्हणून सांगते. ती खूण चुकलेली दिसली तेव्हा मला वाटलं, दादा प्यायला लागला असेल, नाहीतर कामावरची माया गेली असेल. डोळे गेलेत म्हणाला आणि मला आधी बरं वाटलं, बाबा. वाईट नंतर वाटलं.