तलवार उगारलेली बाई कुणाकडे बघते

अण्णा, गेल्या आठवड्यात नातीनं मला इथं परदेशात, वेस्ट विंडसरजवळच्या एका म्युझियममध्ये जुनी छापचित्रं बघायला नेलं. तीन-चारशे वर्षांपूर्वी युरोपात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, पोस्टकार्डाएवढी. भिंग घेऊन बघावी लागतात. एका चित्रात न्याय म्हणजे तलवार उगारलेली धिप्पाड बाई, आणि दया म्हणजे मागून येऊन तिचं मनगट धरणारी दुसरी. खाली गुडघे टेकलेला अपराधी. नात खुदकन हसली. "आजोबा, लुक, पणजोबा अँड पणजी!"

तिला ती गोष्ट मीच सांगितली आहे. गणिताचा पेपर बुडवून मी कवितापाठांतराच्या स्पर्धेला गेलो, त्या दिवसाची. मी माजघरात उभा आहे, ओठांवर अजून कविताच, तुम्ही फळीवरची फूटपट्टी काढता आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणता, "अगं, जरा पाणी आण." मग पहिला फटका. आई तांब्या घेऊन येते, तो खाली ठेवते, तुमचं मनगट धरते, आणि सगळं तिथंच थांबतं. दर वेळी असंच व्हायचं. इथल्या गणपतीत, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या कुणाच्या पॉटलकला, मी ते रंगवून सांगत आलो: आमचे वडील एवढे कडक, की मारायच्या आधी घसा ओला करून घ्यायचे. लोक हसून बेजार होतात.

नात अजून भिंगातून बघत होती. "पण आजोबा, शी इज नॉट इव्हन लुकिंग अ‍ॅट द मॅन." मी वाकून पाहिलं. खरंच, हात वर, तलवार वर, आणि मान मागे वळलेली. ती बाई दुसरीची वाट बघत होती.

मी तिथल्या बाकावर बसलो. त्या तांब्यातलं पाणी तुम्ही प्यायल्याचं मला एकदाही आठवेना. आठवलं ते भलतंच. आई मामाकडे गेली होती आणि मी तुमचा चष्मा फोडला होता. तुम्ही फळीकडे नुसतं बघितलंत, म्हणालात, "तुझी आई येऊ दे." ती आल्यावर तो विषयही काढला नाहीत. म्हणजे तिला तुम्हीच बोलावत होतात, अण्णा. आणि मी जन्मभर, हजारो मैलांवर, तुम्हाला ओळखतही नसलेल्या लोकांपुढे तुमची नक्कल करत राहिलो.

शनिवारी नातीच्या मैत्रिणी जेवायला आल्या. "आजोबा, टेल देम द पाणी स्टोरी." आता नीट सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण तोंड उघडलं, तुमचा आवाज लागला, आणि गोष्ट जुन्याच वाटेनं गेली. सगळ्या हसल्या. एकजण म्हणाली, फारच दुष्ट होते वाटतं. नात म्हणाली, "ही वॉज." आणि मी मान डोलावली. सगळ्या अजून काहीतरी ऐकायला माझ्याकडे बघत होत्या, मला ते आवडत होतं. तुम्ही गेलात तिथला पत्ता असता तरी हे पत्र मी टपालात टाकलं नसतं, अण्णा. तुम्ही वाचून मला पुन्हा शिक्षेविना सोडून दिलं असतंत.