टाचेचं वळण

प्रिय तोमो,

तुझा मेल मिळाला. उत्तर हाताने लिहिते आहे. मेलवर मी दोन ओळींत संपवून टाकते, आणि मग तू बाबांच्या टोळीतल्या मोरिवाकी-सानांना फोन करून ‘ताई रागावली आहे का हो?’ असं विचारतोस. ते बिचारे दुसऱ्या दिवशी माझ्या औषधाच्या दुकानात येऊन, खोकल्याची गोळी घेण्याच्या निमित्ताने माझा चेहरा बघून जातात. तेव्हा आधीच सांगते. हो, रागावले आहे.

पाच स्की-रिसॉर्ट तू एका तक्त्यात बसवलेस. प्रत्येकापुढे उताराची लांबी, चढाचे टक्के, लिफ्ट किती, हॉटेल कसं, आणि शेवटी तुझे गुण. टोकियोच्या ऑफिसात तू दिवसभर हेच करतोस हे मला माहीत आहे. पण बाबांच्या वर्षश्राद्धाची जागा तू कॉफीचं यंत्र विकत घेतल्यासारखी निवडशील असं वाटलं नव्हतं. मोरिवाकी-सानांनी जागा ठरवण्याचं काम आपल्या घरावर सोडलं आहे आणि या रविवारपर्यंत त्यांना नाव हवं आहे. म्हणून तुझ्या पाचही जागांबद्दल मला काय वाटतं ते लिहून टाकते. गोड लिहिणं मला कधी जमलं नाही.

आधी एक गोष्ट. पहाटे बर्फावर उतरणाऱ्या बाबांच्या टोळीतलं कोणी गेलं की वर्षाने सगळे एका उतारावर जमतात. रात्री यंत्राने विंचरून ठेवलेल्या बर्फावर दुसऱ्या कोणाची रेघ उमटायच्या आत एकामागून एक उतरतात आणि शेजारी शेजारी रेघा ओढत जातात. गेलेल्या माणसाची जागा मधे मोकळी ठेवतात. घरच्या कोणाला येत असेल तर ते त्याच्याच स्नोबोर्डवरून त्या जागेतून एकदा खाली येतं. नसेल येत, तर जागा कोरी राहते. मग लिफ्टमध्ये बसून वर जाताना सगळे त्या रेघा बघतात. तू हे विसरला असशील म्हणून नाही लिहीत. तुझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता म्हणून लिहिते.

तू लिहितोस, ‘बाबांचे कडक बूट माझ्या पायात नाचतात, आणि तो फळीसारखा बोर्ड आता मला झेपणार नाही. जागा कोरीच ठेवू. ड्रोनने वरून फार सुंदर दिसेल.’ बूट नाचतात हे खरं आहे. आईचे छोटे पाय तू घेतलेस आणि बाबांचे होडीसारखे पाय माझ्या वाट्याला आले. शाळेत मुली मला बदक म्हणायच्या. पण ड्रोन? तोमो, उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं मी पाहिली होती. आकाशातून श्राद्ध घालणारा तू पहिलाच.

आता तुझ्या तक्त्यातला पहिला, होक्काइदोचा. दहापैकी साडेनऊ. कारण काय, तर बर्फ गुडघाभर, पिठासारखा, ‘जगात कुठे नाही असा’. असेल. पण कापसावर सुरी चालवून धार कळते का? बाबा आणि त्यांची माणसं बोर्डच्या लोखंडी धारेवर वळणारी, तुझ्या भाषेत ‘कार्व्हिंग’ करणारी. त्यांना खालचा बर्फ घट्ट लागतो, सपाट लागतो, पाट्यासारखा लागतो. ताजा बर्फ पडला की मोरिवाकी-सानांचा चेहरा सुतकी होतो हे तू लहानपणी शंभरदा पाहिलं आहेस. त्या पिठात कंबरेपर्यंत रुतून ‘याहू’ करणाऱ्या मंडळींना बाबा काय म्हणायचे आठवतं? ‘चांगली माणसं आहेत. फक्त त्यांना कुठे जायचं आहे हे बर्फ ठरवतो.’ तू आता त्यांच्यातला झालास. तुझी हौस आहे, कर. पण पिठात रेघ राहत नाही. आणि त्या दिवशी रेघेवाचून दुसरं करायचं तरी काय आहे?

दुसरा बुलेट ट्रेनच्या स्टेशनाला चिकटलेला. सोय म्हणजे काय, तर ट्रेनमधून उतरलं की सरळ लिफ्ट. तुझ्यासारखे सगळेच ट्रेनमधून उतरतात आणि सरळ लिफ्टमध्ये बसतात. साडेनऊला त्या उतारावर इतकी माणसं असतात की बर्फ दिसत नाही, टोप्या दिसतात. धारेवर वळणारा माणूस उताराच्या या काठापासून त्या काठापर्यंत जातो. तिथे तसा गेला तर पाच जणांची माफी मागत खाली पोचेल. तिसरा आणि चौथा मी शेवटपर्यंत वाचलेच नाहीत. एकात उताराच्या मधोमध चालत जावं लागतं एवढी सपाटी आहे, आणि दुसऱ्याच्या माहितीत तू ‘बाजूला ब्रँडेड कपड्यांचं मार्केट’ असं लिहिलं आहेस. एवढं पुरे झालं.

पाचवा, ओताका-दाइरा. त्यापुढे तू लाल अक्षरांत लिहिलंस, ‘कार्व्हिंगचं माहेरघर. माझी निवड.’ हे वाचून मी पत्र लिहायला बसले. रुंद उतार, दाबलेला बर्फ, लवकर उघडणारी लिफ्ट, सगळं खरं. नकाशात तो उतार सरळ खाली येताना दिसतो, हेही खरं. पण नकाशात डोंगर कलंडलेला दिसत नाही. वर उभं राहून खाली पाहिलं की तो सगळाच्या सगळा उजवीकडे कललेला आहे. डावा पाय पुढे ठेवणाऱ्यांना तिथे स्वर्ग आहे. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याचं टाचेकडचं वळण, म्हणजे टाचेवर भार देऊन उजवीकडे घेतलेलं, तिथे संपतच नाही. लांबतच जातं, वेग वाढत जातो आणि शेवटी धार सुटते. बाबांचा उजवा पाय पुढे असायचा. टोळीत त्यांना सगळे ‘उलटे’ म्हणायचे. ही चूक एखाद्या नवख्याने केली असती तर मी हसले असते. पण तुझाही उजवाच पाय पुढे आहे, तोमो. बाबांनीच तुला तसं उभं केलं होतं.

आणि आपण तिथे गेलो होतो. तू पाचवी-सहावीत असशील. मी कॉलेजच्या सुट्टीत आले होते आणि खालच्या कॅन्टीनच्या काचेतून बघत होते. मोरिवाकी-सान हसत, गाणं म्हणत खाली येत होते, आणि तुम्ही दोघं बापलेक त्याच त्या जागी आडवे होत होता. शेवटी तू रडत आत आलास. बाबा टोपीतला बर्फ झटकत तुझ्या मागोमाग आले, गरम सूपातल्या ओदेनची वाटी तुझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, ‘डोंगर चांगला आहे रे. फक्त आरशात बघून बांधलाय.’ मोरिवाकी-सान म्हणाले, ‘डोंगराला नावं ठेवू नका, पाय बदला.’ त्यावर बाबा म्हणाले, ‘पाय बदलायचा तर बायकोला विचारावं लागेल. तिने हेच पाय बघून होकार दिला होता.’ सगळं कॅन्टीन हसलं. तूही नाकातून सूप येईपर्यंत हसलास. त्या डोंगराला तू दहापैकी दहा दिलेस.

तुझ्या तक्त्यात आपल्या गावची टेकडी नाही. ‘टेकाडावर कोण येणार?’ असं तू अंत्यविधीच्या दिवशीच म्हणाला होतास, चहाचा कप हातात घेऊन, बाबांच्या तसबिरीसमोर. येतात. रोज येतात. पहाटे लिफ्ट सुरू व्हायच्या आधी बर्फात बोर्ड रोवून रांग लावतात आणि लिफ्टवाल्याची वाट बघत एकमेकांची उणीदुणी काढतात. दोन म्हाताऱ्या लिफ्ट आहेत. त्यातली एक वाऱ्याच्या दिवशी घशात काही अडकल्यासारखी खोकते. उतार उत्तरेकडे आहे, त्यामुळे दुपारपर्यंत बर्फ घट्ट राहतो. बाहेरचं कोणी फिरकत नाही, कारण फोटो काढण्यासारखं तिथे काही नाही. आणि तो उतार थोडासा डावीकडे कललेला आहे. टाचेच्या वळणाला तिथे डोंगर आपणहून वर येतो, आपल्याला हात देतो. ती एक खेप सोडली तर बाबा इतकी वर्षं दुसरीकडे कुठे का गेले नाहीत, याचं उत्तर तू त्यांच्या गरिबीत शोधलंस. ‘पोस्टातली नोकरी, कुठून जाणार?’ असं तुझ्या बायकोला सांगताना मी ऐकलं आहे. पैसे होते. त्यांना त्यांचा डोंगर सापडला होता, म्हणून ते दुसरा शोधत बसले नाहीत. तुला अजून सापडलेला नाही, आणि तू त्याला ‘अनुभव’ म्हणतोस.

मागच्या हिवाळ्यात त्यांना बूट चढवता येईनात, तरी मला पहाटे गाडी काढायला लावायचे. खाली गाडी उभी करायची, काच पुसायची, आणि मग ते शाल गुंडाळून एकेकाची रेघ वाचत बसायचे. बोटाएवढी बारीक रेघ आली की मान हलवायचे. फरकाटा दिसला की काच खाली करून ओरडायचे, ‘मोरिवाकी! सकाळी सकाळी अंगण झाडलंत का?’ तिकडून उत्तर यायचं, ‘तुम्ही या, सडा घाला!’ त्या गाडीत बसून मला उतार वाचता यायला लागला. तोपर्यंत मला ती म्हाताऱ्यांची खुळं वाटायची. बाबांनी मला कधी ‘तू पण शीक’ म्हटलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. आमच्या दोघांत बोलणं कमीच होतं. ते तुझ्याशी बोलायचे.

तुला शिकवताना ते बांबूची लांब काठी आणायचे. एक टोक तुझ्या हातात, एक त्यांच्या. टाचेच्या वळणाला तू भीतीने मागे बसायचास, तेव्हा म्हणायचे, ‘खुर्ची दिसली की बसलास! ती खुर्ची मी ओढून घेणार आहे बरं का.’ आणि तू पडलास की, ‘घेतली ओढून!’ मी खाली गाडीच्या काचेतून बघायचे. आवाज ऐकू यायचा नाही, पण कुठे काय म्हणाले ते ओठांवरून कळायचं.

हल्ली मला जमिनीवर बसायला वेळ लागतो. बुत्सुदानपुढे, बाबांच्या देव्हाऱ्यापुढे, भाताची वाटी ठेवायची तर गुडघ्यावर टेकून, मग हळूच. दुकानात वेदनेच्या पट्ट्यांची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक मीच आहे. माझ्या मदतनीस बाई परवा म्हणाल्या, ‘चिसातो-सान, तुम्हाला कापूर लावून कपाटात ठेवलंय असा वास येतो.’ ‘वय झालं’ असं मी म्हणाले. ते खोटं नाही, पण कारण ते नाही.

तर आता कारण लिहिते. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, आणि जमेल त्या पहाटे, मी टेकडीवर जाते. बाबांचे बूट मला एका जाड मोज्यात बरोबर बसतात, बदकाचे पाय शेवटी कामाला आले. बोर्डवरचे त्यांचे पाय अडकवायचे पट्टे मी हलवले नाहीत, म्हणून माझाही उजवाच पाय पुढे. पंजाच्या बाजूचं वळण मला येतं. लिफ्टमधून बघितलं, रेघ बोटाएवढी आहे. मोरिवाकी-सान दोनदा पाहून काही बोलले नाहीत, म्हणजे बरी असावी. टाचेचं येत नाही. ते शिकवतात, पण त्यांचा डावा पाय पुढे. त्यांनी सांगितलेलं सगळं मला मनात उलटं करून घ्यावं लागतं आणि तोवर मी पडलेली असते. दर वेळी मी त्या खुर्चीत बसते आणि दर वेळी ती कोणीतरी ओढून घेतं. मला बाबांची जागा कोरी ठेवायची नाही, तोमो. दुसऱ्या कुठल्या डोंगरावर मला ती भरता येणार नाही, म्हणून मोरिवाकी-सानांना मी आजच टेकडीचं नाव कळवते आहे. तुझ्या पाच रिसॉर्टना मी ठेवलेली नावं खरीच आहेत, त्यातलं एकही मागे घेत नाही. पण उजवा पाय पुढे ठेवून ते वळण बाबांकडून शिकलेला माणूस आता एकच उरला आहे. श्राद्धाच्या आठवडाभर आधी ये. ड्रोन तिकडेच ठेव. बांबू अजून गाडीच्या शेडमध्ये आहे, मी पुसून ठेवला आहे. त्याचं दुसरं टोक धरायला कोणी नाही.

पडत-उठत का होईना, तुझीच,
चिसातोताई