दांडीखालचा ठसा

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुकानाची नवी पाटी करायची आहे. तिच्यावर आपल्या मूळ पुरुषाचं, म्हणजे पणजोबांच्या वडिलांचं, नाव सालासकट हवं. तराजूचं काम त्यांनी सुरू केलं आणि दांडीखाली मारायचा आपल्या आडनावाचा ठसाही त्यांनीच घडवला, असं आजोबा सांगायचे. तू वजनमापांच्या कचेरीत तीस वर्षं दप्तर सांभाळलंस. जरा शोधतेस का?

महिनाअखेर दुकान पुतण्याच्या नावे करतोय. त्याला कामातलं ओ की ठो कळत नाही, पण आडनाव तरी टिकेल. लेक उद्या लग्न करून दुसरं नाव लावेल, मग ठसा कोणाचा मारायचा? अकरा वर्षं माझ्या शेजारी बसून तिने काम केलंय. हे सांगितल्यापासून मात्र कामापुरतंच बोलते. मला चैन पडत नाही.

लोभ आहेच, उत्तरही येऊ दे.
तुझा भाऊ

११ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

नव्या कारकुनाने आधी नाक मुरडलं. पण ते जुनं कपाट कसं उघडायचं हे मलाच ठाऊक, त्यामुळे शेवटी खुर्ची मिळाली.

तुझा मूळ पुरुष सापडला. १८७४चा परवाना, वय बावीस. गंमत म्हणजे आधी भलतंच आडनाव लिहिलंय आणि आपलं नंतर, दुसऱ्या शाईत. माझी तर झोपच उडाली. आपल्या ठशावर बारीक साल कोरलेलं असेल, भिंग लावून बघ. तोवर सही करू नकोस. दुकान काही पळून जात नाही.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ठशावर १८५९ आहे. भिंग लेकीने धरलं होतं. सात वर्षांच्या पोराने ठसा घडवला म्हणायचा का, असं तिने विचारलं. कित्येक दिवसांनी ती आपणहून बोलली. मग घडवला कोणी? लवकर कळव.

भाऊ

२२ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

परवान्यामागे एक अर्ज चिकटला होता. अर्ज बाईचा आहे, पणजोबांच्या आईचा. ठसा तिच्या वडिलांचा. मुलगा नव्हता, म्हणून त्यांच्यामागे तीच दांड्या घडवायची. नवा ठसा मंजूर व्हायला वर्षं लागायची आणि गिऱ्हाईक जुनाच ओळखायचं. म्हणून लग्न झाल्यावर नवऱ्याने, म्हणजे तुझ्या मूळ पुरुषाने, तिचं आडनाव लावलं. खाली त्याने लिहिलंय, “मला मान्य आहे. काम मी हिच्याकडूनच शिकलो.”

ज्या आडनावापायी तू लेकीला बाजूला सारतोस, ते एका लेकीनेच टिकवलंय. मला तुझा राग आलाय, आणि माझाही. बाबांनी दुकान तुला दिलं, तेव्हा मीही तोंडातून शब्द काढला नव्हता.

तरी लोभ होता तेवढाच आहे.
ताई

२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दिवसभर काम सुचलं नाही. पुतण्याला सांगितलं, तर त्याला हायसंच वाटलं. मग ठसा लेकीच्या हातात ठेवला आणि दुकान तुझं म्हणालो. तिने तो परत टेबलावर ठेवला.

“बाबा, काढून घेताना विचारलं नाहीत, आता देतानाही विचारत नाही.”

मग मी विचारलं. दोन दिवस झाले, ती विचार करतेय. मी तिच्या शेजारी कानस चालवतोय.

ताई, तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तुलाही कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. चाळीस वर्षं उशीर झालाय, तरी विचारतो. दुकान तुला हवं होतं का?

खरं असेल तेच लिही. मग लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव.
तुझा भाऊ