दरारा की चिंधी

४ मार्च, बुधवार

दोन घोडे आणि एक मी! घड्याळने आज पागेत सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं— मोठ्या शर्यतीत आपले दोन जाणार, दरारा आणि चिंधी. घड्याळ म्हणजे आमचे ट्रेनर. स्टॉपवॉच गळ्यात घालूनच झोपत असावेत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "निवड तुझी. एकोणीसला सकाळी सांग. उरलेला तो घेईल."

तो म्हणजे माझा नवरा. पागेची पहिली जॉकी मी, दुसरा तो. धंद्याचा रिवाजच आहे— पहिल्याने निवडायचं, दुसऱ्याने उरलेल्यावर बसायचं, आणि निवड होईपर्यंत दुसऱ्याने घोड्यांबद्दल तोंडातून अक्षर काढायचं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं हा माणूस उरलेल्या घोड्यावर बसतोय. कुरकुर नाही. कधीकधी वाटतं, एकदा तरी कर रे बाबा!

ही माझी शेवटची मोठी शर्यत. खांदा दोनदा मोडून झालाय, डॉक्टरांनी हात टेकलेत. या शर्यतीत मी तीन वेळा दुसरी आलेय. तीन वेळा! दुसरं येणं काय असतं ते शेवटच्याला कळायचं नाही. तेव्हा यंदा निवड चुकवायची सोय नाही.

६ मार्च, शुक्रवार

सकाळी कुंपणाला टेकून बाकीच्यांचे घोडे बघितले. मुलगी बघायला आल्यासारखी ऐटीत उभी होते, पण थंडीने नाक गळत होतं.

राजहंस. पांढराशुभ्र, दृष्ट लागावी असा. पण गर्दी दिसली की घामाने निथळतो. सुरुवातीच्या फाटकाशी पोचेपर्यंत त्याची अर्धी शर्यत मनातल्या मनात पळून झालेली असते. अशी माणसंही असतात. माझा दीर.

बाण. सुटतो खरा बाणासारखा, पण हा पल्ला लांबचा आहे. आरंभशूर.

अजिंक्य. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! मागचे पाय मात्र काय भरलेत. वळणावर बाहेर फेकला जातो, नाहीतर मला त्याची भीती वाटली असती.

थोडक्यात, भांडण घरातच आहे.

९ मार्च, सोमवार

आता आमचे दोघे.

दरारा— नाव भारदस्त, स्वभाव एकदम सरळ. मोठा, तांबूस, थोडा आळशी. वेळेवर येणाऱ्या, वेळेवर जाणाऱ्या कारकुनासारखा. जेवढं मागाल तेवढं देतो, वर एक पै नाही. गेली दोन वर्षं मीच त्याच्यावर बसते. त्याच्याबद्दल मला नवीन काही कळायचं उरलेलं नाही, हीच अडचण आहे.

चिंधी— कागदावर तिचं नाव मोठं लांबलचक आहे, ते कोणालाच पाठ नाही. आली तेव्हा इतकी मरतुकडी होती की घोडे सांभाळणारा मोतद्दारच म्हणाला, "ही चिंधी काय पळणार?" चावायची. लाथा झाडायची. नवऱ्याने तिला माणसात आणलं. घोडीत म्हणू हवं तर. तिच्याशी तो जितकं मऊ बोलतो तितकं मऊ माझ्याशी लग्नाआधीही बोलला नव्हता.

आज दोघांना जोडीने पळवलं. मी दराऱ्यावर, तो चिंधीवर. रोजच्यासारखा दरारा अर्धं अंग पुढे. पण आज शेवटच्या सरळ पट्ट्यात मी काखेतून मागे बघितलं. नवऱ्याचे हात ताठ, लगाम तारेसारखा ताणलेला, खांदे कानाला टेकलेले.

धरून ठेवलंय त्याने तिला! सोबतीच्या घोड्याला जरा मागे ठेवायचं, म्हणजे मुख्य घोड्याची उमेद वाढते— ही तर जुनी पद्धत. म्हणजे रोज सकाळी दरारा जिंकतो त्याला काही अर्थ नाही. ती सुटली तर?

११ मार्च, बुधवार

त्याला बरणीचं झाकण उघडेना. हात थरथरत होते. सासूबाई त्याच्या दंडांना मलम चोळत बसल्या. "बायको घोड्यावर, नवरा घोड्यावर, आणि झाकणं उघडायला म्हातारी!" मी विचारलं, "इतकी ओढते का रे?" तो म्हणाला, "एकोणीस झाली की बोलू." रिवाज म्हणजे रिवाज. देवमाणूसच आहे, पण माझं डोकं फिरतं कधीकधी.

१४ मार्च, शनिवार

घड्याळकडे गेले. म्हटलं, काका, एकदा मला चिंधीवर बसू द्या. फक्त एकदा.

"नाही."

"निवडायचं मी, आणि बसून बघायचं नाही?"

"तिला त्याचा हात लागलाय. शर्यत आठवड्यावर आली. आता हात बदलून तिचं डोकं फिरवायचं नाही मला. बघून ठरव. डोळे आहेत ना?"

आहेत! आणि त्यांना दिसतंय ते दिसतंय. आज पुन्हा तेच— ताठ हात, ताणलेला लगाम, आणि ती फक्त अर्धं अंग मागे. एवढी धरूनसुद्धा!

मोतद्दार तिला फिरवत होता, तेव्हा हळूच म्हणाला, "ताई, फार धापते हो ही. बराच वेळ लागतो शांत व्हायला." मी त्याला सांगितलं, अडवलेलं जनावर धापणारच, त्याचं अर्धं बळ भांडण्यात जातं. "असेल," म्हणाला आणि खरारा करायला लागला.

१७ मार्च, मंगळवार

माझी खात्री झाली आहे. चिंधी जिंकणार.

कोणालाच ठाऊक नाही. पेपरवाले दराऱ्याचं नाव छापताहेत. घड्याळला ठाऊक असेल, पण ते बोलायचे नाहीत. नवऱ्याला तर ठाऊक आहेच, त्याच्या हातांनाच विचारा. म्हणजे मी परवा "चिंधी" म्हटलं की काम झालं. तीन वेळा दुसरी आलेली बाई जाताना पहिली येऊन जाईल. मला हवंय ते. खोटं कशाला लिहू? इतकं हवंय की रात्री दात दुखतात, झोपेत आवळून धरते म्हणून.

पण दुपारी पागेत गेले तर तो चिंधीच्या मानेवर डोकं टेकून उभा होता. डोळे मिटलेले. तिनेही कान पाडलेले. मी पाय न वाजवता परत आले.

मी तिला निवडलं तर तो स्वतःच्या हाताने खोगीर चढवून देईल. रिकिबी माझ्या मापाच्या करून देईल. तिला कुठे खाजवलेलं आवडतं तेही सांगेल. आणि हसत देईल सगळं! तेच खुपतं. ज्या घोडीला त्याने माणसात आणलं, ती मी शर्यतीच्या तीन दिवस आधी उचलून घ्यायची, का तर मी पहिली आणि तो दुसरा. त्याने तरी आयुष्यात कुठे मोठी शर्यत जिंकलीय? मी तीन वेळा दुसरी तरी आले. तो कायम उरलेल्यावर.

सासूबाई म्हणाल्या, "काय गं, भाजी करपली." करपू दे.

१९ मार्च, गुरुवार

"दरारा," म्हटलं.

घड्याळने मान हलवली आणि वहीत लिहिलं. पेपरवाल्याचं तोंड उतरलं, यात बातमी काय? नवरा माझ्या मागेच उभा होता. त्याने एवढा मोठा श्वास सोडला की माझे केस हलले. बघ! किती जीव अडकला होता त्याचा चिंधीत!

मी त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं तर तो घ्यायचा नाही, आणि दिलेलं बोलून दाखवलं की ते दिल्यात जमा होत नाही. पण संध्याकाळी मीठ कमी म्हणून भांडले, टॉवेल ओला म्हणून भांडले. उदार व्हायचं आणि वर गोडही राहायचं, एवढं मला जमत नाही.

२० मार्च, शुक्रवार

पश्चात्ताप होतोय. लिहून ठेवते, म्हणजे उद्या नाकबूल करता येणार नाही.

२१ मार्च, शनिवार

वजन बरोबर. म्हणजे दोघांच्याही पोटात काही नाही. सासूबाई ताट घेऊन बसल्या होत्या. "मी देवाकडे कोणाला जिंकव म्हणू? एकाचं नाव घेतलं तर दुसरं उपाशी राहील घरात." तो म्हणाला, "आई, तसेही दोघं उपाशीच आहोत." आम्ही तिघंही हसलो. भुकेने हसतानाही दुखतं.

झोपताना त्याने माझ्या वाईट खांद्याखाली उशी सरकवली. रोजच सरकवतो. आज मला रडू आलं. त्याला वाटलं, शर्यतीचं दडपण.

२२ मार्च, रविवार

जिंकले.

हा शब्द लिहायला इतकी वर्षं लागली आणि आता बघवत नाही.

राजहंस घामेजला. बाण सुटला आणि दमला. अजिंक्य वळणावर बाहेर गेला, सगळं मी म्हटलं होतं तसंच. दरारा आपल्या कारकुनी चालीने एकेकाला मागे टाकत गेला. सरळ पट्ट्यात पुढे कोणी नव्हतं. मी फक्त कान देऊन होते— आता बाहेरून येईल, आता तिच्या हलक्या टापा ऐकू येतील. आल्याच नाहीत. माझी जीत झालीय हे मला रेषा ओलांडल्यावर कळलं. काखेतून मागे बघितलं. चिंधी सातवी. आणि नवऱ्याचे हात ताठ! लगाम तारेसारखा!

धरून ठेवलं त्याने तिला. शर्यतीत! माझ्यासाठी!

लोक फुलं फेकत होते आणि माझं डोकं तापलं होतं. मी माझी जीत सोडून त्याला दिली, आणि या शहाण्याने ती भीक घातल्यासारखी मला परत केली? पकडला गेला असता तर त्याच्यावर कायमची बंदी आली असती! आणि ही असली जीत घेऊन मी काय करू? कपाटात ठेवू?

घरी आल्यापासून त्याच्याशी बोललेले नाही. तो समजतोय, आनंदाने गप्प झालेय.

२३ मार्च, सोमवार

सकाळी चहा केला. त्याने कप उचलला आणि सांडला. दोन्ही हात पाल्यासारखे हलत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "काल धरून ठेवलंस ना तिला? खरं सांग."

तो बघतच राहिला. मग इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. "धरून? अगं, उचलून आणली मी तिला! वेडी माया आहे माझी, पण दम नाही गं तिच्यात. शेवटच्या वळणावर दमते आणि सगळं अंग माझ्या हातांवर टाकते. रोज. सोडलं असतं तर तोंडावर पडली असती."

मी सांडलेला चहा पुसायला घेतला.

"पंधरा दिवस झोप नव्हती मला," तो म्हणाला. "तुझी शेवटची शर्यत, आणि तू हट्टाने चिंधी म्हणालीस तर? बोलता तर येत नाही. तू दरारा म्हणालीस आणि जीव भांड्यात पडला. तुला बरोबर कसं कळलं गं?"

मी दुसरा कप भरला आणि त्याच्या तोंडाशी धरला. "पी आधी," म्हटलं. "गार होतोय."