कुपी आत गेली!

सोमवार, १२ मे

गेली! कुपी आत गेली! पेशी नुसत्या हिरव्यागार! पेशीत औषध पोचवायला बनवलेली माझी ही इवलीशी कुपी चार वर्षं पोटात हिरवं चमकणारं प्रथिन घेऊन पेशीच्या दारात ताटकळत बसायची. आज सूक्ष्मदर्शकातून बघते तर आत, ऐसपैस पसरलेली! मी किंचाळलेच. शेजारच्या टेबलावरून फर्गस म्हणाला, "काय गं, साप निघाला?"

आमची प्रमुख मॉरीन फोटो बघून टाळ्याच पिटायला लागली. "ब्रॉनविन, गुरुवारी ब्रिस्बेनच्या परिषदेत हाच दाखवते. तुझी नोकरी पक्की समज."

जूनमध्ये माझं कंत्राट संपतंय. मी रडले. थोडंसंच!

मंगळवार, १३ मे

ज्याचं जमलं त्याने चहाला केक आणायचा, ही आमच्यातली रीत. खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक नेले. फर्गसने दोन हाणले आणि मिशीला खोबरं तसंच ठेवून म्हणतो, "जिवंत असताना बघितल्यास का?"

"कोणाला?"

"पेशींना, बाई. तुझ्या आत्याला नव्हे."

मेला! खातो माझं आणि वर हे!

जिवंत कशाला बघायच्या? शुक्रवारी संध्याकाळी सगळेच आपापल्या बशांत पेशी मारून आहेत तशा टिकवणारं फॉर्मॅलिन ओततात आणि बिअर प्यायला पळतात. मेलेल्या पेशी सोमवारपर्यंत कुठे जात नाहीत. मॉरीनच्याही आधीपासूनची पद्धत आहे ही.

बुधवार, १४ मे

जिवंत बघितल्या. आत काळोख. हिरवं सगळं बाहेर, दाराला चिकटलेलं. मग त्याच बशीत फॉर्मॅलिन ओतलं. पेशी मेल्या — आणि माझ्या डोळ्यांदेखत हिरवं आत शिरलं! म्हणजे घरमालक मेल्यावर दार उघडलं!

मॉरीन तर विमानतळावर. सांगावं तर नोकरी गेली. न सांगावं तर माझं औषध फक्त मेलेल्यांना लागू!

फर्गस पहिल्यांदाच हसला नाही. "ओरडेल ती. पण सांग."

फोन केला. ओरडली नाही. "जिवंत पेशींचाही फोटो पाठव," एवढं म्हणून फोन ठेवला. त्याहून वाईट!

गुरुवार, १५ मे

आज मॉरीनचं भाषण. दर पाच मिनिटांनी फोन बघतेय.

शुक्रवार, १६ मे

मॉरीनचा फोन. तिने दोन्ही फोटो दाखवले, मेलेल्या पेशी आणि जिवंत, आणि सरळ म्हणाली, "आम्ही फसलो." मग एकेक जण उठून बाहेर — आपापल्या प्रयोगशाळेला फोन लावून "जिवंत बघितल्यात का?" विचारायला. अध्यक्षबाईसुद्धा!

मी घाबरत घाबरत नोकरीचं विचारलं.

"त्यांच्यातल्या दोघांनी तुला मागितलंय. मी नाही म्हणून सांगितलं, तू इथेच राहणार."

मला न विचारता! इतकं बरं वाटलं!