नावाची मोकळी जागा

अल कुसैस, दुबई
ऑक्टोबर २०१६

प्रिय विभा,

तुझा आणि सिद्धांतचा फोटो मिळाला. आमच्या पर्णिकाने मोबाईलवर मोठा करून दाखवला. साडी छान आहे, पण वाळलीस गं. वेदांगने त्याला आपणहून 'बाबा' म्हटलं हे वाचून मला रडूच आलं. गुणवंत गेल्यावर सात वर्षांनी तुझ्या दाराला तोरण लागतंय, आणि मांडवात लग्नाचे धवळे मीच म्हणायचे हा तुझा हट्ट. तुझी आई, माझी मावशी, गेली, आता ते येणारी मी एकटीच उरले, हेही खरं. तरी आठवडाभर मी तुला उत्तर दिलं नाही. रुसली असशील. रुस, पण आधी सगळं वाच.

इथे बरं चाललंय. ह्यांनी डब्यांचं किचन वाढवलं, आता मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पांतही आपले डबे जातात. मध्यंतरी तुमच्या अल मजाजच्या जुन्या बिल्डिंगवरून गेले, तर तुमच्या बाल्कनीत कुणाचीतरी पोरं दंगा करत होती. मी मान फिरवली. मावशी तुझ्याकडे राहायला यायची तेव्हा तिथेच बसवून आपल्याला शिकवायची ना! आपल्या पंथाच्या मठातल्या बायकांनी सातशे वर्षांपूर्वी रचलेली दोन गाणी, एक लग्नाचं, हे धवळे, एक मेलेल्याला पोचवायचं, चाल एकच. गुणवंत चहा घेऊन दारात उभा राहायचा आणि आपली नक्कल करायचा. पुरुषांच्या रचनेत शेवटी 'अमुक म्हणे' येतं; ह्या बायांनी तिथे स्वतःचं नाव घातलंच नाही, जागा मोकळी ठेवली. लग्नात तिथे नवरीचं नाव घ्यायचं, मरणात गेलेल्याचं. आणि आपल्यात पाट लागायचा तेव्हापासूनचा नियम, विधवेला पुन्हा मांडवात बसायचं तर पहिल्या नवऱ्याचं नाव आधी त्या दुसऱ्या गाण्यात पोचलेलं हवं.

गुणवंतचं नाव मी घेतलं. मंदीत त्याची कंपनी खलास झाली, चेक बाऊन्स झाले, जेलची वेळ आली, आणि एका सकाळी ममझारच्या बीचवर त्याचे बूट, पाकीट आणि नीट घडी घातलेला शर्ट सापडला. बॉडी मिळालीच नाही. पोलिसांनी हात टेकले. तू वेदांगला मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसलेलीस, मावशीला आवाज फुटेना, म्हणून मी म्हटलं. त्याचं नाव घेतलं, तरी ती जागा भरलीच नाही, असं वाटलं. तेव्हापासून ती चाल माझ्या पाठीस लागलीय. एसीच्या घरघरीत ऐकू येते, लिफ्टमध्ये ऐकू येते, शेवटच्या ओळीशी येते आणि तिथेच अडकते. पर्णिका म्हणते, आई, यू आर हमिंग दॅट क्रीपी थिंग अगेन. मी तोंडही उघडलेलं नसतं गं. कोर्टाने त्याला मृत ठरवलं तेव्हा वाटलं, आता तरी सुटेन. कसलं काय!

गेल्या शुक्रवारी मुहैस्नाहच्या कॅम्पात आपल्याकडचा एक सुतार वारला. रडायला घरचं बाईमाणूस कुणी नाही, म्हणून ह्यांनी मला नेलं. मी डोळे मिटून म्हणायला लागले. शेवटच्या ओळीआधी आपण श्वास घेतो ना, तिथे मागून एका पुरुषाने हळूच पुढचा सूर धरला. विभा, ही चाल आपल्या घराबाहेर कुणाला येते? वळले. दाढी पिकलेली, हातात आपलाच डबा. माझी पाचावर धारण बसली, आणि मग मी सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. गुणवंत एवढंच म्हणाला, "कुमुदताई, मला मेलेलाच राहू दे." दुसऱ्याच्या नावावर राहतो, वायरिंगची कामं करतो. तुझं लग्न ठरल्याचं सांगितलं तर पोरासारखा रडला. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू? पण गप्प राहण्याचा शब्द मी दिला नाही. स्वतः सुटला आणि तुझ्या गळ्यात मरण बांधून गेला. सिद्धांत भला माणूस आहे, लग्न जरूर कर. पण विधवा म्हणून नको. आधी जिवंत नवऱ्याला सोड, मग मला बोलाव.

तुझीच,
कुमुदताई